मोकळ्या जागेत

मोकळी जागा : भरपूर

पेनड्राइव्हवर एकच व्हिडिओ होता. फाइलचं नाव : आई-पक्का.

त्यात भाऊ दवाखान्यातल्या खाटेवर बसून, भांग पाडून हसत होता. "आई, ऑपरेशन म्हणजे काय, दात काढल्यासारखं. गेलो नि आलो." गेला, आला नाही. आई रोज जेवणं आटोपली की तो लावायची आणि "लबाड, हसतोय बघ कसा" म्हणत बंद करायची.

परवा बंद करता करता तिचा हात थांबला.

"पक्का आहे म्हणजे आधीचे कच्चेही असतील की गं."

"असतील. पुसले असतील त्याने," ताई म्हणाली.

"पुसलेलं परत येतं म्हणे. आपला गोट्या काढून देतो म्हणाला. रविवारी येतोय."

गोट्या म्हणजे आईचा भाचा, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. ताईने पेनड्राइव्ह काढून मुठीत घेतला. कारण कच्चे तिने केव्हाच काढून पाहिले होते. तिला भाऊ आणखी थोडा हवा होता, दुसरं काय! पण तिथे भाऊ हसत नव्हता. केस विस्कटलेले, नाक वाहतंय.

"आई, तू ये ना. मीच म्हणालो आणू नका, पण तू ये."

मग कॅमेऱ्यावर तळहात. मग पुन्हा तेच.

आईला आणू नका, ती घाबरेल, असं त्यानेच सगळ्यांना बजावलं होतं. तो बोलावत होता तेव्हा आई घरी त्याच्या खोलीचे पडदे धूत होती. हे तिला कळलं तर?

मोकळी जागा : थोडी

पुसलेली फाइल लगेच जात नाही. 'ही जागा मोकळी आहे' एवढीच नोंद होते; खाली ती तशीच पडून राहते, वर दुसरं कोणी येऊन बसेपर्यंत. तर मग बसवायचं कोणीतरी!

फोनवर ताटकळणाऱ्या लोकांसाठी सूचना वाचणं हा ताईचा पोटापाण्याचा धंदा. स्वतःच्या आवाजाला तिच्याकडे काय तोटा? आई दुपारची आडवी झाली होती. ताईने आपल्या सूचनेची एक फाइल घेतली आणि पेनड्राइव्हवर पुन्हापुन्हा ओतत सुटली.

आई, तू ये ना. मीच म्हणालो

आई, तू ये ना. कृपया थांबा.

आई, तू कृपया थांबा. कृपया थांबा.

आ कृपया थांबा. कृपया थांबा. कृपया थांबा.

मोकळी जागा : नाही

मग पेनड्राइव्ह पहिल्यासारखा दिसावा म्हणून तिने आपल्या सगळ्या फाइली पुसल्या. उरला पक्का. ताईने हातपाय धुतले, का कुणास ठाऊक.

मोकळी जागा : पुन्हा भरपूर

"आत्या, सापडलं! ढीगच आहे की!" रविवारी गोट्या ओरडला.

आईने पदराने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. गोट्याने पहिली फाइल लावली.

"कृपया थांबा. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

"ताई, तू कुठे घुसलीस यात?" गोट्या खो खो हसला. दुसरी लावली. कृपया थांबा. तिसरी. धंद्यातलाच माणूस, चौथीला त्याचं हसू विरलं. "मी... जरा एक फोन करून येतो," म्हणत तो बाहेर सटकला.

खोलीत दोघीच उरल्या.

"तू पाहिले होतेस?"

"हो."

"रडत होता?"

ताईने पेनड्राइव्हचं टोपण उचलून हातात घेतलं.

"मला बोलावत होता?"

ताईने थाप तयार ठेवली होती, चांगली घोटून. ती तोंडातून निघेना. मान तेवढी हलली.

आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "लहानपणी पडला की तोंड धुऊनच घरात यायचा. मला कळत नसे थोडंच! हसतोय तो तुम्हा सगळ्यांसाठी गं. रडला तो माझ्यासाठी. तेवढंच होतं माझं."

"आई, मला वाटलं तुला—"

"काय म्हणाला ते सांग. जसंच्या तसं."

शब्द अडखळला तर पुन्हा वाचायचं, ही ताईची रोजची सवय. तिने घसा खाकरला.

"आई, तू ये ना..."

आवाज फुटला.

"पुन्हा," आई म्हणाली.