सुपर की स्पेशल

"मॅडम, सुपर ना? फुल?"

पंपावरच्या माणसाने खिडकीशी वाकून हिंदीत विचारलं आणि छायाने मान हलवली. शेजारी बसलेल्या सूर्यकांतला तिची मान दिसली नाही, पण तो "ना" मात्र नीट ऐकू आला. म्हणजे हे आजचं नव्हतं. हा माणूस छायाला ओळखत होता आणि दर वेळी हेच भरत होता.

"सुपर?" सूर्यकांत म्हणाला. "आपल्या गाडीत?"

"राहू द्या ना आता. नळी लावली त्याने."

"अगं, पण कशाला? आपलं इंजिन साधं आहे. चौदा वर्षं मी स्पेशलच भरतोय. पंच्याण्णव. सुपर म्हणजे अठ्ठ्याण्णव ऑक्टेन, पण म्हणून जास्त ताकद असं नसतं, छाया. ते जास्त दाब सहन करतं, एवढंच. ज्या इंजिनात तेवढा दाब असतो त्याला ते लागतं. आपल्याला त्याचा शून्य उपयोग. लिटरमागे अकरा-बारा फिल्स जास्त, पन्नास लिटरला साडेपाच-सहा दिरहम, म्हणजे सव्वाशे-दीडशे रुपये. नुसते धुरात."

छाया समोर बघत राहिली. मीटर थांबला, तिने कार्ड दिलं आणि गाडी अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घराकडे वळवली. सूर्यकांतचं बोलणं पुढच्या दोन सिग्नलपर्यंत चालू होतं.

तो चूक बोलत नव्हता. मुसाफ्फाच्या एका फॅब्रिकेशन कंपनीत त्याने एकोणीस वर्षं मेंटेनन्स प्लॅनिंगमध्ये काढली होती. मशीनला काय हवं आणि काय नको, हे सांगणं हेच त्याचं काम. चिंचवडहून आला तेव्हा तिशी उलटून गेली होती, आता सत्तावन्नावं चालू होतं. गाडीचं सगळं तोच बघायचा. छायाकडे लायसन्स होतं, पण ते पर्समध्ये असायचं. फार तर ईशानीला शाळेत सोडणं, सुपरमार्केटला जाणं, एवढ्यापुरतं.

मग मागच्या वर्षी त्याला कागदावरच्या ओळी मधूनच वाकलेल्या दिसायला लागल्या. साखरेने डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती. डावा डोळा जवळजवळ गेलाच, उजव्यात मधोमध एक करडा डाग राहिला. दुबईच्या डॉक्टरांनी दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला सांगितलं, आणि सूर्यकांतने "गाडी चालवू ना?" असं विचारल्यावर त्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "नाही."

त्या दिवशी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये त्याने किल्ली छायाच्या हातात दिली होती. येताना एकशे तीस किलोमीटर तिने ऐंशीच्या वेगाने गाडी आणली. मागून लोक लाइट मारत होते.

आता ऑफिसात कंपनीने त्याला मोठा स्क्रीन दिला होता, अक्षरं बोटाएवढी करून तो काम करायचा. छाया सकाळी सोडायची, संध्याकाळी आणायची. आणि तो शेजारी बसून सांगायचा. लेन सोड. मिरर बघ. एवढा ब्रेक कशाला. दिसत नसलं तरी ऐकू सगळं येत होतं, आणि ऐकू आलेलं बोलून दाखवल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं.

घरी आल्यावरही पेट्रोलचा विषय संपला नाही. छाया भाजी निवडायला बसली आणि सूर्यकांत समोरच्या खुर्चीत.

"मला फक्त कारण सांग. कोणी सांगितलं तुला सुपर भरायला?"

"कोणी नाही."

"मग?"

"बाबा, इट्स फाइव्ह दिरहम्स," ईशानी आतून म्हणाली. ती बारावीत होती आणि तिचा अभ्यास भिंतीपलीकडचं ऐकत ऐकतच चालायचा. "जस्ट लेट इट गो."

"पाच दिरहमचा प्रश्न नाहीये, ईशानी. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"देन इट्स इव्हन लेस इम्पॉर्टंट," ईशानी म्हणाली.

छाया गालात हसली. ते हसू सूर्यकांतला दिसलं नाही, पण हातातली भेंडी थांबली ते कळलं. त्याला उगाच वाटलं की मायलेकी मिळून त्याच्यावर हसताहेत. तो उठला. "शनिवारी इद्रीसकडे जाऊ. तोच सांगेल. मंगळवारी दुबईला जायचंच आहे, गाडी एकदा बघूनही होईल."

इद्रीस मुसाफ्फातला त्यांचा गॅरेजवाला. मूळचा रत्नागिरीच्या बाजूचा, पण अबू धाबीत येऊन पस्तीस वर्षं झालेली. गाडी घेतल्यापासून तिचं तेलपाणी त्याच्याच हातून झालं होतं. शनिवारी सकाळी तो गॅरेजच्या शटरखाली स्टुलावर बसून चहा पीत होता. या दोघांना बघून उठला.

"या साहेब, या भाभी. डोळा कसा आहे?"

"डोळा राहू दे," सूर्यकांत म्हणाला. "आधी तू एक निवाडा कर. या गाडीत सुपर भरून काही फायदा आहे का? खरं सांग. भाभीला वाईट वाटेल म्हणून गोल गोल बोलू नको."

इद्रीसने एकदा त्याच्याकडे, एकदा छायाकडे पाहिलं. भांडण कुठवर आलंय याचा त्याला अंदाज आला असावा. त्याने पेट्रोलच्या टाकीचं छोटं दार उघडलं आणि आतल्या बाजूचा स्टिकर बोटाने दाखवला. "हे बघा भाभी, कंपनीनेच लिहिलंय. पंच्याण्णव किंवा वरचं. पंच्याण्णव घातलं की हिचं पोट भरलं. अठ्ठ्याण्णवने नुकसान काही नाही, पण फायदा पण काही नाही. मोठी टर्बोवाली गाडी असती तर गोष्ट वेगळी."

"ऐकलंस?" सूर्यकांत म्हणाला.

तेवढ्यात इद्रीसला आतून कोणीतरी हाक मारली. "दोन मिनिटं हां," म्हणून तो गेला.

छायाने टाकीचं दार हलकेच लावलं. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"हेच. स्टिकर मी कधीच वाचलाय. ईशानीने मोबाईलवर पण दाखवलं होतं, मी गाडी चालवायला लागले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात."

इतके दिवस सूर्यकांतला वाटत होतं की तिला समजत नाही, आणि समजावून सांगितलं की झालं. "मग कशाला भरतेस?"

"भीती वाटते हो मला."

गॅरेजमध्ये कुठेतरी हातोडीचे ठोके पडत होते. ते थांबेपर्यंत ती थांबली.

"दुबईचा तो रस्ता. वाटेत ते घंतूत नावाचं गाव आलं की माझे तळवे ओले होतात. दोन्ही बाजूंनी ट्रक. मागून लाइट मारणारे. मला सारखं वाटतं, गाडी इथेच बंद पडणार. आणि पडली तर तुम्ही काय कराल मला माहीत आहे. मी नको म्हटलं तरी तुम्ही बॉनेट उघडायला उतराल. आणि मागून काही येतंय का ते तुम्हाला दिसणार नाही."

सूर्यकांत गाडीला हात टेकून उभा राहिला.

"मला गाडीतलं काही कळत नाही," छाया म्हणाली. "तेल, फिल्टर, काय ते. माझ्या हातात एकच गोष्ट होती, पंपावर काय भर म्हणायचं ते. म्हटलं, त्यातलं सगळ्यात चांगलं असेल ते घालू. उपयोग नसेना का. दुबईला निघताना निदान असं वाटायचं की मी माझ्याकडून काही कमी ठेवलं नाही."

"मला सांगायचं ना."

"तुम्ही आधीच किती... किल्ली दिल्यापासून तुम्ही स्वतःवरच चिडलेले. त्यात मी सांगू की मला चालवायची भीती वाटते? मग तुम्ही म्हणाला असता, राहू दे दवाखाना."

खरंच म्हणाला असता. ते त्याला पटलं. दर महिन्याला ही बाई घाबरून, तळवे पुसत पुसत त्याला नेत होती, आणि तो शेजारी बसून लेन सोड म्हणत होता.

"गाडी बंद पडेल असं का वाटतं पण?" जरा वेळाने त्याने विचारलं. आवाज आता खाली आला होता. "काही होतं का तिला?"

"थरथरते. मी एकदा म्हटलं होतं, तर तुम्ही म्हणालात रस्ता खराब आहे."

त्याला ते आठवलं नाही. "कधी थरथरते? निघाल्या निघाल्या?"

"नाही. शंभरच्या वर गेली की."

"स्टिअरिंग हलतं?"

छायाने डोळे मिटून आठवून पाहिलं. "स्टिअरिंग नाही. खालून. सीटखालून येतं, माझ्या पाठीत. मागच्या अंगाला."

सीटखालून म्हणजे मागची चाकं, हे सूर्यकांतला लगेच कळलं. तो गाडीला हात लावत लावत मागच्या चाकापाशी गेला आणि पँटचा विचार न करता तेलकट जमिनीवर गुडघे टेकून बसला. चाक त्याला काळ्या ढगासारखं दिसत होतं. त्याने डोळे मिटले आणि टायरवरून बोटं फिरवायला सुरुवात केली. बाहेरची बाजू. मग नक्षी. मग हात आत घालून, जिथे उभ्या माणसाला दिसत नाही ती आतली बाजू. बोटांना बारीक भेगा लागल्या, सुकलेल्या चिखलासारख्या. बोटं आणखी पुढे गेली आणि थांबली.

"इद्रीस!" त्याने हाक मारली. "टॉर्च आण. जॅक लाव."

इद्रीसने चाक उचललं आणि टॉर्च आत धरला. टायरच्या आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता. त्याने टायरवरचे, तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे पुसून वाचले. "विसाव्या सालचा आहे साहेब. आणि दुसरा पण तसाच असणार." मग तो छायाकडे वळला. "भाभी, माफ करा. मागच्या खेपेला मी नुसतं तेल बदलून दिलं. चाक उचलून बघायला पाहिजे होतं. मंगळवारी या फुग्यावर तुम्ही दुबईला गेला असता, तर टायर रस्त्यातच फुटला असता. अल्लाने राखलं."

"तुम्हाला दिसलं कसं?" छायाने सूर्यकांतला विचारलं.

"मला कुठे दिसलं? तू सांगितलंस म्हणून सापडलं," सूर्यकांत म्हणाला. त्याची बोटं काळी झाली होती. "आम्ही दोघं मशीनवाले पेट्रोलवर भाषणं देत होतो. गाडीला काय होतंय ते फक्त तुला माहीत होतं."

चारही टायर बदलायला दीड तास लागला. तेवढा वेळ दोघं शटरखालच्या सावलीत बसून होते. इद्रीसने दुसरा चहा पाठवला. सूर्यकांतने छायाला एक एक गोष्ट विचारली: ट्रक जवळून गेला की काय वाटतं, कुठल्या लेनमध्ये बरं वाटतं, कुठे थांबावंसं वाटतं. ती आधी तुटक बोलली, मग भरभर. घंतूतच्या आधी एक पंप आहे, तिथे थांबून पाणी प्यावंसं वाटतं, पण तुम्ही उशीर होईल म्हणता म्हणून थांबत नाही. उजव्या बाजूची, कडेची सावकाश लेन बरी वाटते, पण तुम्ही म्हणता ट्रकच्या मागे काय लागलीस.

"बरं," सूर्यकांत म्हणाला. "आता असं. पाऊण तास आधी निघायचं. तुला वाटेल तिथे थांबायचं, वाटेल त्या लेनमध्ये राहायचं. मी बोलणार नाही. आणि गाडी बंद पडलीच, तर मी तुझ्या, वाहत्या रस्त्याच्या बाजूला येणार नाही. माझ्या बाजूने, उजव्या कडेला उतरून कठड्यापलीकडे जाऊन उभा राहीन, आणि तू फोन करशील. बॉनेटला हात लावणार नाही."

"शपथ?"

"शपथ."

"आणि पेट्रोल?"

सूर्यकांत हसला. "तुझी गाडी आहे. तुला वाटेल ते भर."

सोमवारी छायाने स्पेशल भरलं. ईशानीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आता चाकं नवी आहेत ना. इंजिनाचं काय, त्याला पंच्याण्णव पुरतं."

मंगळवारी ती दोघं पाऊण तास आधी निघाली. घंतूतच्या आधी छायाने सांगूनसवरून गाडी पंपावर घेतली, पाणी प्यायली, तळवे रुमालाने पुसले. सूर्यकांतने घड्याळाबद्दल विचारलं नाही. पुढे गेल्यावर एक मोठा ट्रक खेटून गेला, तेव्हा त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला खाली गेला, पण तोंडातून शब्द आला नाही. त्याने नुसतं विचारलं, "पाठीत काही येतंय?"

छायाने वेग शंभर, मग एकशे दहा केला आणि थोडा वेळ लक्ष देऊन पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "आता काही नाही."

"मग बरोबर आहे."

इंजेक्शन झालं. डॉक्टर बाईंनी सूज थोडी उतरल्याचं सांगितलं. फार नाही, पण उतरली होती. उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून छायाने त्याला हाताला धरून गाडीपर्यंत आणलं, पट्टा लावून दिला. आता त्याला काहीच दिसत नव्हतं, रस्ता नाही, आरसा नाही, ट्रक नाही.

शहर मागे पडल्यावर छायाने एकदा वळून पाहिलं. सूर्यकांतची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. तो गाढ झोपला होता. तिने एसीचा झोत त्याच्या डोळ्यावरून बाजूला वळवला, रेडिओ बंद केला आणि दोन्ही हात पुन्हा स्टिअरिंगवर ठेवून गाडी आपल्या लेनमध्ये, आपल्या वेगाने घराकडे नेली.