जमिनीवरून उठणं

पोस्टमनकाकांनी उभा जन्म पायपिटीत काढला होता. पण सत्त्याहत्तराव्या वर्षी ते न्हाणीघरात घसरले आणि तासभर फरशीवरच पडून राहिले, कारण उठताच येईना. हाड मोडलं नाही, पण लेकीचा धीर मोडला. "बाबा, आता एकट्याने राहायचं नाही. घर आवरा आणि माझ्याकडे चला."

"तीन महिने दे," काका म्हणाले. "जमिनीवरून माझा मी उठलो नाही, तर तू म्हणशील तसं."

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना हात न टेकता खुर्चीतून दहादा उठायला सांगितलं. पहिल्या दिवशी दुसऱ्यांदा उठतानाच पाय लटपटले. तरी काकांनी नेट सोडला नाही. चहाला आधण येईपर्यंत ते एका पायावर उभे राहू लागले. डोकं गंजू नये म्हणून जुन्या वाटेवरच्या घरांची आडनावं उलट्या क्रमाने म्हणू लागले. "म्हातारा चळला," शेजारी म्हणाले. काकांनी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं.

ठरल्या दिवशी लेक आली. काका फरशीवर बसले, कुशीवर वळले, एक गुडघा टेकला आणि मध्येच त्यांचा तोल गेला. लेक धावली.

"हात लावशील तर खबरदार!" काका गरजले. त्यांनी तळवा रोवला, दात-ओठ खाल्ले आणि हळूहळू ताठ उभे राहिले.

लेक रडता रडता हसली आणि तिथेच फतकल मारून बसली. "मलाही शिकवा, बाबा."

उठताना मात्र तिला काकांचा हात धरावा लागला.