दोघांपुरता तंबू

मी दोघांपुरता तंबू आहे. तसं माझ्या पिशवीवर छापलंय. छापणारा मात्र दोन माणसं आणि दोन बॅगा घेऊन माझ्यात कधी झोपला नसावा.

एका लांबलचक शेडमध्ये माझा जन्म झाला. मला शिवणारी बाई प्रत्येक शिलाई दोनदा ओढून बघायची आणि शेजारणीला म्हणायची, "आपण कुठे जाणार डोंगरात! पण जे जातील ते भिजायला नकोत."

दुकानात बरेच दिवस पडून राहिल्यावर मला एका निवृत्त लिफ्ट-मेकॅनिकने घेतलं. त्यांची बायको नुकतीच गेली होती. घर खायला उठतं म्हणून त्यांनी उंच पर्वतांमधली पायवाट निवडली आणि सोबतीला जावयाला घेतलं. जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. "जावईबापू, तुम्ही नुसते चला. बाकी मी बघतो," असं सासऱ्यांचं चाललेलं असायचं.

सुरुवातीचे मुक्काम मजेत गेले. हळूहळू झाडं संपली, मग गवत संपलं, उरले फक्त दगड आणि गार तळी. सासरे स्टोव्हवर सूप उकळायचे आणि बायकोच्या गोष्टी सांगायचे. जावई काहीतरी सांगायला तोंड उघडायचा आणि "पाणी हवंय का, बाबा?" असं विचारून गप्प बसायचा.

खिंडीच्या अलीकडे सकाळीच आभाळ खाली उतरलं. बर्फाने वाट पुसून टाकली. दोघांनी मला घाईघाईने एका खडकाच्या आडोशाला उभं केलं आणि आत शिरले. बर्फ काही थांबेना. दुसऱ्या दिवशीही तेच. माझ्या भिंती आत दबत चालल्या. बसलं की डोकं लागायचं, पाय पसरले की दुसऱ्याला लागायचे.

दुपारी सासरे म्हणाले, "खाली गेलो की थोडे दिवस तुमच्याकडेच राहीन म्हणतो. चालेल ना?"

जावई माझ्या चेनकडे बघत राहिला. "बाबा, आम्ही वेगळे होतोय."

"घर बदलताय?"

"नाही. आम्ही दोघं. एकमेकांपासून."

सासरे ताठ बसायला गेले आणि डोकं माझ्या छताला लागलं.

"कुणी तिसरं आहे?"

"नाही. भांडणही नाही. घरात दोन पाहुणे असल्यासारखे राहतो. आई गेल्यावर तिला तुम्हाला सांगवेना. मी म्हटलं, मी सांगतो."

"म्हणून मला इथे गाठलंस? जिथून उठून जाता येत नाही अशा जागी?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, त्यांनाही कळलं नसावं.

त्यांनी खसकन चेन उघडली, बुटांत पाय कोंबले आणि ते बाहेर पडले. बाहेर हातभर अंतरावरचंही दिसत नव्हतं. "बाबा, तंबूची दोरी सोडू नका!" जावई आतून ओरडला. माझ्या दोरीला त्यांच्या मुठीचा हिसका बसत होता. जायला जागाच नव्हती. थोड्या वेळाने ते पांढरेफटक होऊन परत आले. पाठ फिरवून बसावं, तर गुडघे माझ्या भिंतीला टेकत होते.

तेवढ्यात वाऱ्याकडची माझी काठी वाकली आणि भिंत आत आली. दोघेही तिला पाठ लावून, खांद्याला खांदा भिडवून बसले. एकजण जरी उठला असता, तरी मी कोसळलो असतो.

तसंच बसून सासरे म्हणाले, "लिफ्टमध्ये माणसं अडकली की मी बाहेरून एवढंच सांगायचो. दार बडवू नका, खाली बसा, बोलत राहा."

"मग बोला ना, बाबा."

"मला बाहेरून बोलायची सवय आहे रे. आत कधी अडकलो नव्हतो." "लेकीचं तर गेलंच घर. पण आता तू माझा कोण? काय म्हणून हाक मारू तुला?"

पाठ तशीच ठेवून जावयाने सासऱ्यांचे गारठलेले पाय मांडीवर ओढून घेतले आणि चोळत राहिला. सासऱ्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

आभाळ उघडल्यावर त्यांनी मला ओलंच गुंडाळलं. कापड एकाच्या बॅगेत, काठ्या दुसऱ्याच्या. खाली रस्त्याला लागल्यावर दोघांच्या बस वेगळ्या होत्या. निरोप घेताना माझी आठवण कुणालाच झाली नाही.

आता मी सासऱ्यांच्या कपाटावर आहे. अंगाला कुबट वास येतोय, घड्यांमध्ये काळे ठिपके पडलेत. काठ्यांशिवाय मला उभंही राहता येत नाही. लेक माहेरी आलीय. बापलेक जेवतात, भांडी घासतात आणि त्या विषयाला बगल देतात.

परवा फोन आला. "हो, कापड इथेच आहे," सासरे म्हणाले. "काठ्या पोस्टाने? नको, पोस्टाने नको." फोन कानाला धरून ते कपाटापाशी आले. "तूच घेऊन ये. असते ती घरी. असू दे. तू माझ्याकडे ये."

"कोण होतं?" लेकीने विचारलं.

"तंबूचं काम होतं."

हातातलं ताट तसंच धरून ती उभी राहिली.

तो अजून आलेला नाही. येईल तेव्हा येवो. माझी विनंती साधी आहे: ओला गुंडाळलेला तंबू आतल्या आत कुजतो. तोवर मला कुणीतरी खाली काढा, उलगडा आणि उन्हात टाका.