कळंबोलीच्या ट्रॅफिकमध्ये मोनाली

रेवा, सत्यजीत आणि शैलेश रोज पनवेलहून बेलापूरच्या ऑफिसला एकाच गाडीने जात. गाडी सत्यजीतची. २०१९ मधल्या एका सोमवारी कळंबोलीपुढे कंटेनर आडवा झाला आणि सगळा हायवे जागच्या जागी थांबला.

“काहीतरी लाव रे,” सत्यजीत म्हणाला.

शैलेशने मोबाइल काढला. “खुनाचं पॉडकास्ट चालेल? दोघं मिळून सांगतात. हसून हसून मरशील.”

मागे बसलेल्या रेवाला कुणी विचारलं नाही.

“तर मंडळी, पनवेलजवळचं आपटा. शेजारून पाताळगंगा वाहतेय...” दार करकरलं, पाठोपाठ एका मुलीची किंकाळी. “पोरगी कॉलेजला म्हणून निघाली आणि गेली कुठे? मित्राला भेटायला!” सांगणारे दोघे खिदळले.

नाव घेतलं नव्हतं, पण नदी, कॉलेज, सगळं मोनालीचंच होतं. रेवाच्या खून झालेल्या धाकट्या बहिणीचं. लग्नानंतर रेवाचं आडनाव बदललं, म्हणून ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. तिला तेवढीच एक जागा मोकळी वाटायची.

तिने दाराचा खटका ओढला. उघडेना. सत्यजीतने आपल्या लहान मुलीसाठी मागची दारं आतून उघडणार नाहीत अशी लॉक करून ठेवली होती.

“अगं, कुठे?” सत्यजीतने विचारलं.

“उतरायचंय.”

“इथे? दोन्हीकडे ट्रेलर आहेत.”

“अशा ठिकाणी एकटी जातेच कशाला?” मोबाइलमधला विचारत होता.

“खरंय,” शैलेश हसला.

“ती मित्राला भेटायला गेली नव्हती,” रेवा म्हणाली. “आईची औषधं घ्यायला वाटेत उतरली होती.”

“तुला काय माहीत?”

“माझी बहीण होती ती. मोनाली.”

शैलेशचं बोट भलतीकडेच लागलं. किंकाळी पुन्हा वाजली, मग कसंबसं बंद झालं. दोघांपैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही. सत्यजीत आरशातूनही बघेना. आता रोज सकाळी हे असंच होणार, रेवाला कळून चुकलं.

“सॉरी,” शैलेश पुटपुटला. “असलं ऐकूच नये.”

“तसं नाही. नागपूरची एक बाई असेच पॉडकास्ट करते,” रेवा म्हणाली, “पण आधी घरच्यांना विचारते. माझी आई नको म्हणाली, तर तिने आमच्यावर काही केलंच नाही.”

“मग... लावू तिचं?”

रेवाने नाव सांगितलं. त्या बाईच्या आवाजामागे संगीत नव्हतं. दुसऱ्याच एका घरातल्या मेलेल्या मुलीला भाकरी थापता येत नसे आणि त्यावरून घरात कशी थट्टा चाले, इथपासून तिने सुरुवात केली. मारणाऱ्याचं नाव बऱ्याच उशिरा आलं. कंटेनर हलला, गाड्या सुटल्या, तरी शैलेशने ते बंद केलं नाही.

संध्याकाळी पनवेलजवळच्या करंजाड्यात, घराचा जिना चढतानाच रेवाने आईला फोन केला. “त्या नागपूरच्या बाईंचा नंबर ठेवलायस?”

“ठेवलाय.” आई म्हणाली. “का गं? तुला ऑफिसात कुणी काही बोललं का?”

“मोनालीचं खरं कुणीतरी सांगायला हवं, आई,” म्हणत रेवा जिन्याच्या पायरीवर बसली आणि सकाळचं सगळं सांगू लागली.