उद्दिष्ट क्रमांक नऊ

"मागच्या वर्षीचाच अहवाल काढा बाई, वर्ष तेवढं बदला, की झालं!" सेक्रेटरी म्हणाले आणि गाडीची किल्ली बोटावर फिरवत जिना उतरून गेलेसुद्धा.

बाईंनी कॉम्प्युटरवर फाइल उघडली. 'वर्षभरातील प्रगती आणि नव्या वर्षाची उद्दिष्टे.' इंजिनिअरांच्या या संघटनेत टायपिस्ट म्हणून त्यांना चौतीस वर्षं झाली होती आणि चौतीस वर्षं मथळा हाच होता. मधल्या काळात टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, बारा अध्यक्ष होऊन गेले. आठ उद्दिष्टं मात्र जागची हलली नव्हती. ग्रंथालय अद्ययावत करण्यासाठी प्रयत्न केले जातील. तरुण सभासद वाढवण्यावर भर दिला जाईल. ज्या तरुणांवर भर द्यायचा होता, ते एव्हाना रक्तदाबाच्या गोळ्या घेऊ लागले होते.

पण फाइलमध्ये आठ नव्हे, नऊ उद्दिष्टं होती. नववं कुठून आलं हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातले एक ऑक्टोबरात वारले. उरल्या बाई, आणि त्या चार दिवसांनी रिटायर होणार होत्या.

त्याचं असं झालं. गेल्या डिसेंबरात नात शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, "आजी, आमच्या शाळेचा जिना नाचतो."

"जिना कसा नाचेल गं? तूच नाचत असशील."

तरी दुसऱ्या दिवशी बाई जाऊन बघून आल्या. जिन्याच्या वळणाखाली आडवी भेग होती, आणि तीत त्यांचा तळहात सहज आत गेला. मुख्याध्यापिका बिचाऱ्या रडकुंडीला आलेल्या. म्हणाल्या, "दहा पत्रं लिहिली हो मी. वरून एकच उत्तर येतं, इंजिनिअरचा दाखला जोडा. आता इंजिनिअर कुठून आणू?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. अहो, ज्या बाईच्या टेबलासमोरून रोज दहा-वीस इंजिनिअर जातात, तिच्या नातीच्या शाळेला एक इंजिनिअर मिळू नये! त्यांनी सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, "अर्ज द्या ना. मार्चच्या कमिटीपुढे ठेवू."

मार्च! बाईंच्या डोक्यात तिडीकच गेली. त्या दिवशी अहवाल टाइप करताना आठव्या उद्दिष्टाखाली त्यांनी एंटर दाबलं आणि एका दमात लिहून टाकलं: शहरातल्या बारा जुन्या शाळांचे जिने आणि गॅलऱ्या मेअखेरपर्यंत विनामूल्य तपासून दाखले देणे.

सभेत नेहमीप्रमाणे अध्यक्षांनी विचारलं, "अहवाल वाचला असं समजायचं ना?" "समजायचं, समजायचं!" सगळे म्हणाले, हात वर झाले आणि चहा आला. सभा उठल्यावर बाईंनी दरवर्षीसारख्या खुर्च्यांवर पडलेल्या प्रती गोळा केल्या. पाठकोऱ्या कागदांची त्यांना त्यावर वर्षभर ददात नसे. अहवाल घरी नेणारा माणूस सबंध संघटनेत एकच होता, तो म्हणजे पूलकाका.

पूलकाकांनी उभा जन्म पूल बांधले. वय ब्याऐंशी, हातात काठी, कान मात्र तिखट. तिसऱ्याच दिवशी ते धापा टाकत जिना चढून ऑफिसात आले.

"नऊ नंबर कुणी घातला?"

"कमिटीनं," बाई म्हणाल्या.

"कमिटीनं!" काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाईंनी पाणी दिलं. "बाई, आकडा आणि तारीख एका वाक्यात या संघटनेत मी आजवर पाहिलेली नाही. थापा नका मारू. पहिली शाळा कुठली, सांगा."

तेव्हापासून दर शनिवारी दोघं निघत. काका कापडी पिशवीतून छोटी हातोडी काढायचे, स्लॅबवर टक टक करायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "भरीव. भरीव. पोकळ." बाई वहीत लिहायच्या. आठ-दहा शनिवारांत बाईंनाही आवाजातला फरक कळायला लागला. पहिल्याच शनिवारी नातीच्या शाळेत काकांनी जिन्यावर तीनदाच ठोकलं होतं आणि हातोडी खाली ठेवली होती. "मुलं कुठल्या वर्गात आहेत? दुसऱ्या दारानं काढा सगळ्यांना. आत्ता. आणि इथे दोरी बांधा."

दोरी बांधून होईपर्यंत ते अंगणातल्या पारावर घाम पुसत बसले होते. बाई म्हणाल्या, "काका, तुमचे उपकार कसे फेडू हो? एकदा नाही, दोनदा केलेत."

पहिल्या वेळची गोष्ट जुनी होती. नोकरीच्या सहाव्या वर्षी बाईंचे यजमान गेले. मुलगा कडेवर. चार महिने त्यांना घराबाहेर पडवेना. नवीन टायपिस्ट घ्यावी असं सगळ्यांचं मत पडलं, तेव्हा सेक्रेटरी असलेले पूलकाका म्हणाले, "जागा त्यांची आहे. तोवर मी करतो." आणि भलामोठा पूल उभा केलेला तो माणूस चार महिने एका बोटानं पत्रं टाइप करत बसला. ती पत्रं अजून फायलीत आहेत. एकेका ओळीत तीन-तीन चुका.

"उपकार कसले!" काका म्हणाले. "त्या चार महिन्यांत मला कळलं, ही संघटना कोण चालवतं ते. बोट सुजलं होतं माझं!"

मेअखेर बारा शाळा झाल्या. काकांनी पुढच्या बारा शाळांची यादीही करून ठेवली. आणि ऑक्टोबरात एका सकाळी ते उठलेच नाहीत. त्यांच्या सूनबाई ऑफिसात येऊन कापडी पिशवी देऊन गेल्या. "बाबांनी सांगून ठेवलं होतं, ही बाईंकडे द्या म्हणून."

पिशवी आता टेबलाच्या खणात होती आणि नववं उद्दिष्ट पडद्यावर. गुपचूप राहू दिलं असतं, तर यंदाही मंजूर झालंच असतं, हात वर करायला कुणाचं काय जातंय! पण काका नाहीत आणि आता बाईही नसणार. मंजूर झालेला कागद खुर्चीवर पडून राहिला असता आणि यादीतल्या बारा शाळा तशाच राहिल्या असत्या. म्हणजे तोंड उघडायला हवं होतं. तोंड उघडलं की चौतीस वर्षांच्या इमानदारीवर पाणी. निरोपाच्या सभेत कुणी लबाड म्हणालं तर? त्या विचारानं बाईंना दोन दिवस जेवण गेलं नाही.

सभेच्या दिवशी अध्यक्षांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "वाचला असं समजायचं ना?"

"नाही," बाई कोपऱ्यातल्या टेबलामागून म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. "साहेब, यंदा वाचू द्या. गेल्या वर्षीचं नववं उद्दिष्ट कमिटीचं नव्हतं. मी घातलं होतं. कुणालाही न विचारता."

पुढच्या रांगेतले सिमेंटवाले ताडकन उठले. "म्हणजे आम्ही जे मंजूर केलं, ते आम्ही मंजूर केलंच नव्हतं?"

"केलं होतं," अध्यक्ष म्हणाले. "हात वर होता तुमचा."

"पण मी वाचलं नव्हतं!"

"ते मोठ्यानं सांगू नका."

हशा पिकला, पण सिमेंटवाले ऐकेनात. "हे नियमाबाहेर आहे! टायपिस्टनं उद्दिष्टं ठरवायची, तर आम्ही कशाला आहोत इथे?"

"खरंच, आपण कशाला आहोत?" मागून आवाज आला. पाणीपुरवठ्यात काम करणारी इंजिनिअर उभी राहिली होती. "बाकीच्या आठ उद्दिष्टांचं काय झालं, तेही सांगा ना कुणीतरी."

सेक्रेटरींनी कागद पुढून पाहिला, मागून पाहिला. "प्रयत्न चालू आहेत," ते म्हणाले आणि खाली बसले.

या वेळी कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, वाचा तुम्ही. सगळं वाचा."

बाईंनी बाराच्या बारा शाळा वाचल्या. कुठे काय भरीव, काय पोकळ, तेही वाचलं. शेवटी म्हणाल्या, "पहिल्या शाळेचा जिना पाडून नवा बांधलाय. जुन्यावरून रोज तीनशे दहा मुलं जायची. तपासलं पूलकाकांनी. मी नुसती लिहून घेत होते." खणातून पिशवी काढून त्यांनी हातोडी आणि यादी अध्यक्षांसमोर ठेवली.

अध्यक्षांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "नववं उद्दिष्ट पहिलं करा. सूचक म्हणून माझं नाव घाला, म्हणजे नियमाचा प्रश्न मिटला. आता हे करणार कोण?"

पाणीपुरवठ्यातली पुढे आली आणि तिनं हातोडी उचलली. "मी करते. पण मला ठोकून ऐकायची सवय नाही हो."

"मला आहे," बाई म्हणाल्या. "येत जाईन मी बरोबर."

"अहो, तुम्ही तर रिटायर होताय!"

"ऑफिसातून होतेय. शनिवारी कुठे होतेय?"

सिमेंटवाल्यांनी मान उंच करून यादीत डोकावून पाहिलं. "आमच्या गल्लीतली शाळा आहे का यात? नाही? मग घाला. मी येतो दाखवायला," ते गुरगुरले.

चहा झाला. निरोपाची दोन भाषणं झाली, लबाड कुणी म्हणालं नाही. सगळे गेल्यावर बाई सवयीप्रमाणे प्रती गोळा करायला निघाल्या. पहिल्या रांगेत एकही प्रत नव्हती. दुसरीतही नव्हती. खाली पडल्या असतील म्हणून त्यांनी वाकून पाहिलं, तर जमीन लख्ख.

तिसऱ्या रांगेत खिडकीजवळच्या खुर्चीवर तेवढी एक प्रत होती. ती पूलकाकांची खुर्ची. दुपारी खुर्च्यांवर प्रती मांडताना बाईंनी तिथेही एक ठेवली होती, आणि सभाभर तिथे कुणी बसलं नव्हतं.

"काका, यंदा सगळ्यांनी घरी नेली हो," बाई म्हणाल्या. पाठकोऱ्यांच्या खणाकडे न जाता त्यांनी ती प्रत आपल्या पर्समध्ये ठेवली आणि पंखे बंद केले.