वर येणारा खांब

पूर ओसरल्यावर पुलावर उरलं होतं ते असं: दोनशे बारापैकी एकशे एकतीस फळ्या, कठड्याचे तीस गज, एका चाकाची सायकल आणि नदीच्या मधोमध दगडी खांब. फळ्या आणि गज नवे बसवता येतात. खांब खचत असेल तर मात्र पूल पाडायचा, असं साहेबांनी ठरवलं होतं. खांब हलतोय का ते रोज सकाळी मोजणं हे माझं काम. पदवीनंतरची पहिली नोकरी.

पूल गेला की आत्याचं दुकान बसणार होतं. ती पुलाच्या तोंडाशीच राहते. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार. कपडे शिवून घेणारे झाडून सगळे पलीकडच्या काठावरचे.

उंची मोजायला एक न हलणारी जागा धरावी लागते. मी आत्याच्या दारातली पायरी धरली. गल्लीत कुणीही तीच सांगितली असती. पुराने पूल वाकवला, वखारीची भिंत नेली, पण ही पायरी जागची हलली नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ऐकवलं जायचं.

आत्या पायरीवर मोजपट्टी उभी धरायची, मी काठावरच्या दुर्बिणीतून आकडा वाचायचे. मग मुकादम होडीतून जाऊन तीच पट्टी खांबावर धरायचा. दोन आकड्यांवरून खांबाची उंची निघायची.

दुसऱ्या सकाळी खांब दोन मिलिमीटर वर आला.

"वर?" मुकादम म्हणाला. "खाली म्हणायचंय का ताई?"

"वर."

"मग बरंय की. खचत तर नाही."

तिसऱ्या सकाळी चार. मी पट्टी बदलली. यंत्र तपासून आणलं. ऊन चढायच्या आत मोजलं. फिटरने तुळयांखालचे जॅकसुद्धा काढून ठेवले. सहाव्या सकाळी अकरा.

"खतपाणी कोण घालतंय त्याला?" फिटर म्हणाला.

मला हसू आलं नाही. दगडी खांब वाढत नाहीत एवढं मला नक्की ठाऊक होतं, आणि आकडे चुकलेले नाहीत हेही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते काही केल्या कळेना. साहेबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "जो खांब आपल्याला कळत नाही त्याच्यावरून माणसं चालवायची नाहीत. उद्यापर्यंत कारण सांग. नाहीतर पाडून टाकू."

आत्याने चहा पुढे केला. "काय म्हणतंय तुझं शिक्षण?"

"गप्प आहे."

"पुलाचं काय ते होईल. आधी त्या फिटरला माझं दार बघायला सांग. पाण्याने फुगलंय मेलं. दोनदा तासून घेतलं, तरी रोज जास्तच अडकतं."

"पुराचं पाणी जाऊन किती दिवस झाले, आत्या. फुगलेलं लाकूड एव्हाना आटायला हवं."

"मग ते त्याला सांग, मला काय सांगतेस?"

मी दार ओढून पाहिलं. वरचा एकच कोपरा चौकटीला घासत होता. कप तिथेच ठेवून मी बाहेर आले.

पलीकडच्या काठावर काळा कातळ आहे, मागच्या टेकडीचाच भाग. पहिल्या दिवशी, निव्वळ सवयीने, मी त्याचाही आकडा घेतला होता आणि नंतर विसरले होते. मुकादमाला म्हटलं, "आज पट्टी तिथेही धरा."

"खांब सोडून कातळ? तोही वाढतोय का ताई?"

"धरा तर खरं."

त्याने पट्टी कातळावर धरली, मग येताना खांबावर. मी दोन्ही आकडे दोनदा वाचले. मग होडी अलीकडे आली आणि पट्टी आत्याच्या हातात गेली. पदर खोचून ती पायरीवर उभी राहिली.

"माझी पायरी कशाला आता? खांबाचं सांग. पूल राहतोय ना?"

"पूल राहतोय. तू पट्टी सरळ धर."

"बाई गं, सुटले," ती म्हणाली आणि हसत पट्टी सरळ केली.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. मुकादमाने विचारलं, "काय आलं?"

कातळावरून मोजता खांबात फरक शून्य. पायरी अकरा मिलिमीटर खाली.