गौरम्माच्या कानामागची नळी

मी गौरम्माच्या कानामागची नळी बोलतेय. दिसायला काही खास नाही. सुतळीएवढी जाड, पांढरट, मऊ. कारखान्यात जन्मले, लातूरच्या एका दवाखान्याच्या कपाटात पाकिटात पडून राहिले आणि एके दिवशी गौरम्माच्या डोक्यात येऊन बसले. मेंदूत पाणी तयार होतच असतं, तिच्या डोक्यात ते साचत होतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, लेकाचं नाव आठवायचं नाही. ते जादा पाणी कातडीखालून पोटात सोडायचं, हे माझं काम. महिन्याभरात गौरम्मा उदगीरच्या घरात भिंत न धरता चालू लागली. मला कोण आनंद झाला!

पण हे पाणी कशानं वाढतं, कशानं घटतं, ते मला मेलीला कळत नाही. सुनेला, अंजूला, चहाचा संशय. गौरम्मा दिवसाला सहा कप घेणार, वर तिला बघायला येणाऱ्या प्रत्येकाबरोबर बशीभर वेगळा. तपासणीला गेल्यावर अंजूनं विचारलंच.

डॉक्टर म्हणाले, "उंदरांवर प्रयोग झालेत. चहातलं कॅफिन एकदाच दिलं तर पाणी कमी तयार होतं, रोज देत राहिलं तर वाढतं. माणसाचं नक्की सांगता येत नाही."

"म्हंजे द्यायचा का न्हाई?"

"बेतानं द्या."

बेतानं म्हणजे किती? अंजू गोंधळली, मीही गोंधळले.

पुढच्या आठवड्यात गौरम्माचं डोकं ठणकायला लागलं. ती गप्प गप्प राहू लागली. पुन्हा भिंत धरू लागली. चार दिवस झाले तसा लेक अमरेश घाबरला. "नळी तुंबली वाटतं. बदलावी लागंल."

मी तुंबले? पाणी तर वाहत होतं! की माझ्याच लक्षात येत नव्हतं? मला स्वतःचीच खात्री वाटेना.

परत लातूर गाठलं. डॉक्टरांनी स्कॅन केला, कानामागे दाबून पाहिलं. "नळी चांगली आहे. चहा एकदम बंद केलात का?"

"न्हाई, अव्वा तर रोजच पिऊन राहिली," अमरेश म्हणाला.

अंजूनं मान खाली घातली. "पत्ती टाकत नव्हते मी. आलं, गवती चहा अन् दूध. रंगाला गूळ."

"सवयीची पत्ती अचानक बंद झाली की डोकं दुखतंच," डॉक्टर म्हणाले.

गौरम्मा सुनेकडे बघतच राहिली. मग पदर डोळ्यांना लावला. "तरीच! मला चव लागना, बाई. वाटलं, मीच इसरून राहिले. आज चहाची चव गेली, उद्या तुमची नावं जातील. म्हनून कुनालाच बोलले न्हाई."

"चुकले, आत्याबाई," म्हणत अंजू रडायला लागली.

आता सकाळी एक कप, संध्याकाळी एक. अंजू पत्तीचा चमचा आधी सासूला दाखवते, मग आधणात टाकते.

चहानं पाणी वाढतं की घटतं, मला अजूनही उलगडलेलं नाही. वाढलंच तर नेईन, माझं कामच ते. पण बायांनो, बाबांनो, अशा दुखण्यातून उठलेल्या माणसाला फसवून काही पाजू नका. गौरम्माच्या त्या चार दिवसांच्या भीतीतला एक थेंबही मला खाली नेता आला नाही.